बर्मिंगहॅम-सदर्नचा शेवटचा सीझन (आणि छोट्या कॉलेजांच्या बेसबॉलच्या इतर आठवणी)

रानजाई

इथे क्रिकेटचे धागे ढिगाने आहेत, फुटबॉलचे आहेत, कबड्डीचाही एक मस्त रंगला होता. बेसबॉलचा शोधून सापडला नाही, म्हणून हा काढतेय. मेजर लीग, यांकीज वगैरे बड्या मंडळींबद्दल कुणाला लिहायचं असेल तर वेगळा धागा काढा. इथे फक्त छोट्या कॉलेजांचे संघ. ज्यांचे सामने टीव्हीवर दिसत नाहीत आणि जिथे प्रेक्षकांत अर्धे लोक खेळाडूंचे आईबाप असतात, ते.

सुरुवात मी करते. मी अलाबामातल्या बर्मिंगहॅमला राहते. हे शहर १८७१ मध्ये वसलं आणि लोखंड-पोलादावर मोठं झालं. रेड माउंटनवर व्हल्कन या रोमन लोहारदेवाचा ५६ फुटी ओतीव लोखंडाचा पुतळा आहे, त्याच्याकडे बघितलं की शहराचा धंदा काय होता ते कळतं. गावाच्या पश्चिमेला एका टेकडीवर बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज होतं. 'होतं' लिहिताना अजून अडखळायला होतं. मूळ संस्था १८५६ ची, मेथडिस्ट चर्चशी जोडलेली. सगळे त्याला नुसतं 'हिलटॉप' म्हणत.

मला तिथे नेलं आमच्या शेजारच्या बाईंनी. वय सत्तरीच्या पुढे, त्याच कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी. फेब्रुवारीत त्यांनी विचारलं, शनिवारी काय करतेस? मी म्हटलं, कपडे धुते. त्या म्हणाल्या, ते रविवारी धू.

बेसबॉलबद्दल मला तोवर एवढंच माहीत होतं की चेंडू टप्पा न पडता येतो. बाईंकडे स्कोअरबुक होतं, जाड पुठ्ठ्याचं, आणि कानामागे पेन्सिल. प्रत्येक बॅटरसाठी एक चौकोन, त्यात बेसचा (धावत गाठायच्या चार टप्प्यांचा) हिरा. बॅटर तीन स्ट्राइकवर (म्हणजे मारण्याजोगे चेंडू हुकले किंवा सोडले की) बाद झाला की इंग्रजी 'के' काढायचा. शेवटच्या चेंडूला त्याने बॅट फिरवलीच नसेल, नुसता बघत उभा राहिला असेल, तर तोच 'के' उलटा काढायचा, आरशात दिसावा तसा. बाई उलटा 'के' काढताना पेन्सिल जरा जास्तच दाबून फिरवायच्या. बघत उभं राहणं त्यांना मंजूर नव्हतं.

फेब्रुवारीत थंडी, मार्चमध्ये पाइनचा पिवळा परागकणांचा थर गाड्यांवर, बाकांवर, स्कोअरबुकावरसुद्धा. सामने बहुतेक शनिवार-रविवारी, एकाच संघाशी लागोपाठ तीन. पाहुणे संघ बसने यायचे, मेम्फिसचं र्‍होड्स, मिसिसिपीतल्या जॅक्सनचं मिलसॅप्स, टेनेसीतलं सेवानी, जॉर्जियातलं बेरी. सगळीच लहान कॉलेजं. डगआउटमधली (मैदानाच्या कडेला संघ बसतो ती जागा) पोरं नऊच्या नऊ इनिंग ओरडत असतात. आधी वाटलं भांडणं चाललीत. नंतर कळलं, आपल्याच बॅटरला धीर देतायत.

मग २६ मार्च २०२४ ला, मंगळवारी, बातमी आली. विश्वस्तांनी ठराव केला, कॉलेज ३१ मेला कायमचं बंद. त्याच पहाटे बाल्टिमोरचा पूल जहाज धडकून कोसळला होता, त्यामुळे देशाच्या बातम्यांत आमच्या कॉलेजला जागाच नव्हती. आमच्या गल्लीत मात्र त्या दिवशी पुलाबद्दल कुणी बोलत नव्हतं.

सीझन अर्धा उरला होता. तो त्यांनी पुरा खेळला, आणि कसा खेळला ते पुढच्या प्रतिसादात लिहिते. आत्ता लॅबमध्ये जायचंय.

घाटावरचा

वाचतोय. अर्ध्यात सोडून जाणं बरं नव्हे.

ओलीभेळ

+१. रच्याकने, सीझन चालू असताना कॉलेज बंद होणार हे कळल्यावर पोरं दुसरीकडे पळाली नाहीत का? इथे तर ट्रान्स्फरचं एवढं ऐकतो.

रानजाई

@ओलीभेळ, सीझनच्या मध्यावर जाऊन करणार काय? एकाच वर्षात दोन कॉलेजांकडून खेळता येत नाही. पण फोन सुरू झाले होतेच. दुसऱ्या कॉलेजांचे प्रशिक्षक विचारत होते, पुढच्या वर्षी येतोस का. म्हणजे सकाळी वर्ग, दुपारी सराव आणि रात्री पुढच्या वर्षाची चौकशी. शेवटच्या वर्षाची मुलं पदवी घेऊन सुटणार होती. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांचं अवघड होतं.

पुढची गोष्ट. प्रशिक्षक जॅन वाइसबर्ग. बरीच वर्षं हाच माणूस या संघाकडे. त्यांचा संघ २०१९ मध्ये डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेजांच्या खेळांतला तिसरा, लहान कॉलेजांचा गट) राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत जाऊन कॅलिफोर्नियाच्या चॅपमनकडून हरला होता. त्याआधी २००१ मध्ये हे कॉलेज वेगळ्या संघटनेत, एनएआयएत होतं तेव्हा तिथलं राष्ट्रीय विजेतेपदही कॉलेजने मिळवलंय. तेव्हा वर्तमानपत्रांत 'कुणालाही माहीत नसलेला चिमुकला संघ' असं जे आलं ते अर्धसत्य. कॉलेज चिमुकलं होतं, बेसबॉल नव्हता.

मे महिन्यात हे एकेक फेरी जिंकत गेले. प्रादेशिक फेरीच्या वरची 'सुपर रिजनल' ओहायोतल्या ग्रॅनव्हिलला, डेनिसन विद्यापीठाच्या घरच्या मैदानावर होती. तीही जिंकले. त्याचा अर्थ आठ संघांच्या वर्ल्ड सिरीजला, म्हणजे डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय अंतिम फेरीला पात्र. क्लीव्हलंडजवळ ईस्टलेकला, लेक काउंटी कॅप्टन्स या मायनर लीग संघाच्या मैदानावर. आणि सुरुवात कधी? ३१ मे, शुक्रवार. ज्या दिवशी कॉलेजला टाळं लागणार तोच दिवस.

ही तारीख कुणी जुळवून आणलेली नव्हती. कादंबरीत असती तर संपादकाने खोडली असती.

सातवी_इनिंग

अरे वा, बर्मिंगहॅम-सदर्न! तो सीझन मी दुरून, न्यू जर्सीतून फॉलो केला होता. एक भर घालतो. त्या संघात ड्रेक लारोश होता. जुन्या बेसबॉलप्रेमींना नाव आठवेल. त्याचे वडील अ‍ॅडम लारोश शिकागो व्हाइट सॉक्सकडून खेळायचे. पोरगा कायम संघाबरोबर, ड्रेसिंग रूममध्ये, सरावाला. २०१६ मध्ये व्यवस्थापनाने सांगितलं की मुलाला आणणं जरा कमी करा. बापाने सरळ निवृत्ती घेतली, त्या वर्षीचे १ कोटी ३० लाख डॉलर सोडून. तेव्हा अमेरिकाभर वाद झाला होता, बरोबर की चूक म्हणून. आठ वर्षांनी तोच मुलगा अशा संघात, ज्याला कॉलेजच उरलं नव्हतं.

दुसरं, 'दोनदा हरलात की बाहेर' अशी ही स्पर्धा असते. पहिला सामना हरलात की त्यानंतरचा प्रत्येक सामना शेवटचा ठरू शकतो. यांचं तेच झालं. रानजाई सांगतीलच.

खडूस_काका

सगळं ठीक आहे, पण एक विचारतो. कॉलेज बुडतंय, प्राध्यापक-कर्मचारी रस्त्यावर येतायत आणि लोक बेसबॉलचं कौतुक करतायत. हे मला तरी पटत नाही. पैसे नव्हते तर आधी खेळ बंद करायचे होते. आमच्याकडे अनुदान थांबलं की पहिल्यांदा जिमखान्याला कुलूप लागतं, आणि त्यात काही गैर नाही.

रानजाई

@खडूस_काका, प्रश्न रास्त आहे, पण हिशोब उलटा आहे. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, नियमच आहे. म्हणजे बेसबॉल खेळणारं प्रत्येक पोरगं इतरांसारखंच फी भरून शिकतं (गरजेनुसार किंवा गुणांवर मदत मिळते, ती सगळ्यांनाच). एका बेसबॉल संघात तीस-चाळीस मुलं असतात. ती त्या कॉलेजात येतात कारण तिथे खेळायला मिळतं. छोट्या कॉलेजांना संघ म्हणजे प्रवेश वाढवायचा मार्ग. जिमखान्याला कुलूप लावलंत तर फी भरणारेच जातात.

या कॉलेजने हे दोन्हीकडून करून बघितलं होतं. आधी मोठ्या डिव्हिजन वनमध्ये गेले, जिथे शिष्यवृत्त्या द्याव्या लागतात. ते झेपेना म्हणून २००६ मध्ये डिव्हिजन थ्रीत यायचं ठरवलं आणि पुढच्याच वर्षी फुटबॉलचा संघ पुन्हा सुरू केला, मुलं यावीत म्हणून.

बुडण्याची कारणं वेगळी. बांधकामांसाठी काढलेलं कर्ज, २००८ ची मंदी, आणि २०१० मध्ये उघडकीला आलेली विद्यार्थी-मदतीच्या हिशोबातली मोठी चूक. त्या वर्षी विभाग बंद झाले, माणसं कमी केली. ठेवींतून पैसे काढत काढत तळ आला. मग मुलं कमी होत गेली. शेवटच्या वर्षी साताठशेच्या आसपास उरली होती.

२०२३ मध्ये राज्य विधिमंडळाने अशा अडचणीतल्या संस्थांसाठी कर्जयोजना केली, खरं तर यांच्यासाठीच केली म्हणा ना. ३ कोटी डॉलरचं कर्ज मागितलं. ऑक्टोबरमध्ये राज्याच्या खजिनदारांनी नाकारलं, कोर्टात काही हाती लागलं नाही. २०२४ मध्ये योजनेत दुरुस्ती करायचं विधेयक सिनेटमध्ये पास झालं आणि खालच्या सभागृहात अडकलं. ते अडकलंय हे नक्की झालं तेव्हाच विश्वस्तांनी ठराव केला.

कर्मचाऱ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे आणि मलाही तोच राग आहे. देशभरच्या वार्ताहरांनी पोरांच्या मुलाखती घेतल्या. भोजनगृहात वर्षानुवर्षं काम केलेल्या बायकांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. पण त्याचं खापर बावीस वर्षांच्या पिचरवर (चेंडू टाकणाऱ्या पोरावर) कशाला?

घाटावरचा

माजी विद्यार्थी कुठे होते? २०१५ मध्ये व्हर्जिनियातलं स्वीट ब्रायर बंद होणार म्हणून जाहीर झालं होतं, तिथल्या माजी विद्यार्थिनींनी कोर्टकचेऱ्या करून, पैसे जमवून ते वाचवलं. अजून चालू आहे.

रानजाई

होते ना. पैसे जमवत होते, आमदारांना फोन करत होते. आमच्या शेजारणीने तर विधिमंडळातल्या कुणाकुणाला हाताने पत्रं लिहिली, निळ्या शाईत. पण सरकारी कर्ज मिळणार या भरवशावर सगळी मांडणी होती, ते गेल्यावर बाकीच्या देणग्या पुरणार नव्हत्या.

बरं, ईस्टलेक. मी गेले नाही, इथून बाराशे किलोमीटर आहे आणि मला सुट्टी नव्हती. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण बाईंच्या घरी बघितलं. त्यांना ते लावता येत नव्हतं, मला नियम कळत नव्हते, अशी आमची भागीदारी.

येताना मी रस्त्यालगतच्या ठेल्यावरून उकडलेल्या शेंगा घेऊन गेले. होय, अलाबामात उकडलेल्या शेंगा मिळतात! मिठाच्या पाण्यात तासन्‌तास शिजवलेल्या, टरफलासकट, गरम, कागदी पिशवी खालून ओली झालेली. इथल्या लोकांना वाटतं हा त्यांचा शोध आहे. मी काही बोलत नाही. फक्त त्यांच्यापेक्षा दुप्पट वेगाने सोलते.

शुक्रवारी पहिला सामना र्‍होड आयलंडच्या साल्व्ह रेजिनाशी. ५-७ ने हरले. काही मुलांची पोटं बिघडली होती, उलट्या, एकदोघांना सलाईन लावावं लागलं. प्रक्षेपणात पोरं डगआउटमध्ये टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेली दिसत होती. बाई सारख्या म्हणत, त्याला आत न्या, कुणीतरी त्याला आत न्या.

त्याच दिवशी इकडे हिलटॉपवर कॉलेज अधिकृतपणे संपलं. म्हणजे सामना सुरू झाला तेव्हा कॉलेज होतं आणि रात्री पोरं हॉटेलवर परतली तेव्हा नव्हतं.

शनिवारी व्हर्जिनियाचं रँडॉल्फ-मेकन. हरले तर बाहेर. शेवटच्या इनिंगपर्यंत ताणलं, आणि जॅक्सन वेबस्टरने होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून सामना तिथेच संपवला. 'वॉक-ऑफ' म्हणतात त्याला. यजमान बाजू नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात पुढे गेली की उरलेलं खेळायची गरजच नसते. बाईंनी स्कोअरबुकात हिरा भरून काढला, इतका की कागद फाटला. मग म्हणाल्या, पुढच्या पानावर उतरवून घेते, आणि खरंच सगळा सामना स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवला.

रविवारी, २ जूनला, विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर. १०-११. या वेळी वॉक-ऑफ होमरन दुसऱ्या बाजूचा.

संपलं.

निंबोणी

काटा आला. होमरनवर जिंकले आणि दुसऱ्या दिवशी होमरनवरच हरले. बेसबॉल म्हणजे क्रूर खेळ आहे.

मग जिंकलं कोण शेवटी?

सातवी_इनिंग

पेनसिल्व्हेनियाचं मिझेरिकॉर्डिया. तेही छोटंच विद्यापीठ. त्यांचं पहिलंच विजेतेपद, पण बिचाऱ्यांची बातमी कुणी वाचली नाही. विजेत्यांपेक्षा हरलेल्यांना जास्त मजकूर मिळाला असं क्वचित होतं.

मला त्या स्पर्धेत एक तांत्रिक गोष्ट जाणवली ती लिहितो. तीन दिवसांत तीन सामने म्हणजे पिचरचा दुष्काळ. क्रिकेटमध्ये गोलंदाज सकाळी दहा आणि दुपारी दहा षटकं टाकेल. बेसबॉलचा पिचर एका दिवशी शंभर चेंडू टाकतो आणि मग चार-पाच दिवस खांद्याला विश्रांती. मोठ्या विद्यापीठांकडे पंधरा-अठरा चांगले पिचर असतात. छोट्या कॉलेजात पहिले तीन उत्तम, पुढचे चार बरे आणि त्यानंतर तिसऱ्या बेसवरचा गडी 'शाळेत टाकायचो' म्हणून पुढे येतो. ११-१० हा आकडा बघितला की कळतं, दोन्हीकडचे खांदे संपलेले आहेत. त्यात आजारपण. त्यांनी दहा रन केले हेच नवल.

भरीत_भाकरी

धागा वाचून राहवलं नाही. मी जळगावकडची. आमच्याकडे शाळेत मुलींचं सॉफ्टबॉल जोरात असतं, तुम्हा पुण्या-मुंबईवाल्यांना माहीत नसेल. शाळेत सॉफ्टबॉल आणि कॉलेजात गेल्यावर त्याच पोरींचा बेसबॉलचा संघ. कारण सोपं. विद्यापीठाला आंतरविद्यापीठ स्पर्धेला बेसबॉलचा संघ पाठवायचा असायचा आणि ग्लोव्ह घालून चेंडू पकडता येणाऱ्या पोरी आम्हीच.

फरक मोठा आहे हो पण. सॉफ्टबॉलला चेंडू मोठा आणि हात खालून. बेसबॉलला चेंडू लहान, टणक, हात वरून. बेसमधलं अंतरही वाढतं. पहिल्या सरावाला मी सवयीने खालून टाकला तर सर म्हणाले, बाई, लग्नात अक्षता टाकतेस का?

आमच्या कॉलेजकडे (नाव नको) ग्लोव्ह संघाला पुरतील इतके नव्हते. इनिंग बदलली की आत येणाऱ्या पोरीने ग्लोव्ह काढून मैदानातच ठेवायचा, समोरच्या संघाच्या पोरीने तोच घालायचा. म्हणजे दोन्ही संघ मिळून एकच संच. कॅचरचा मास्क घामाने इतका भिजलेला असायचा की घालायच्या आधी ओढणीने पुसायचा. आमची एक मैत्रीण डावखुरी होती, तिला तिच्या हाताचा ग्लोव्ह कधी मिळालाच नाही. उजव्यांचा उलटा चढवून खेळायची आणि तरी तिसऱ्या बेसवरून असा फेकायची की पहिल्या बेसवालीचा तळवा लाल.

आणि का खेळायचो? आवड होतीच. पण बारावीचे क्रीडा गुण, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. घरचे त्याच्यासाठीच पाठवायचे. माझ्या संघातल्या तिघी आज पोलिसात आहेत. त्या अमेरिकन पोरांना खेळून काही मिळत नव्हतं, शिष्यवृत्ती नाही, नोकरी नाही, आणि तरी कॉलेज बुडताना खेळत राहिली, ते वाचून नवल वाटलं. आम्हाला कुणी सांगितलं असतं की प्रमाणपत्रावर शिक्का मारायला कॉलेजच राहणार नाही, तर आमच्यातल्या निम्म्या पोरी सरावाला आल्या नसत्या. खरं सांगते.

खडूस_काका

अक्षता! सर पुण्याचे होते काय?

भरीत_भाकरी

भुसावळचे. पण पुण्यात शिकलेले.

पॅसाडेनाकर

हरण्याच्या गोष्टी चालू आहेत तर आमच्या कॅलटेकचा (कॅलिफोर्नियातली विज्ञान-तंत्रज्ञानाची नामांकित संस्था) मान मोठा आहे, तेव्हा हजेरी लावतो.

मी तिथे पीएचडीला होतो. कॅलटेकचा बेसबॉल संघही डिव्हिजन थ्रीतच. संघात येणारी बरीच पोरं अशी की शाळेच्या संघातही नव्हती. प्रवेश देताना खेळाडू म्हणून सवलत वगैरे काही नाही. सरावाची वेळ आणि प्रयोगशाळेची वेळ एकच आली की प्रयोगशाळा जिंकायची. परिणाम असा की संघ २००३ पासून लागोपाठ २२८ सामने हरला. दोनशे अठ्ठावीस. मग २ फेब्रुवारी २०१३ ला पॅसिफिका नावाच्या कॉलेजला ९-७ ने हरवलं.

लोकांना त्या जिंकल्याचं कौतुक, मला मधल्या दहा वर्षांचं. म्हणजे बघा, एखादा मुलगा २००५ ला आला, चार वर्षं खेळला आणि २००९ ला गेला. त्याने एकही सामना जिंकलेला नाही, त्याच्या आधीच्यानेही नाही, नंतरच्यानेही नाही. तरी दर फेब्रुवारीत नवीन पोरं चेंडूंच्या बादल्या घेऊन मैदानात. माझ्याच मजल्यावर एक कॅचर राहायचा. त्याला विचारलं, कंटाळा येत नाही? तो म्हणाला, कॅचरला प्रत्येक चेंडूला काम असतं, कंटाळायला वेळ कुठाय.

बास्केटबॉलचं तर विचारूच नका. स्वतःच्या लीगमध्ये ३१० सामने हरून २२ फेब्रुवारी २०११ ला ऑक्सिडेंटलला ४६-४५ ने हरवलं. एका गुणाने! मी त्या दिवशी लॅबमध्ये होतो, याचं दुःख डिग्री मिळाल्यावरही गेलं नाही.

ओलीभेळ

२२८!!! आमच्या सोसायटीच्या क्रिकेट संघाला हे वाचून दाखवते. ते नऊ हरून निवृत्तीची भाषा करतायत.

निंबोणी

रानजाई, ती मुलं पुढे कुठे गेली? आणि मैदानाचं काय झालं?

रानजाई

@निंबोणी, शेवटच्या वर्षाची पदवी घेऊन गेली. बाकीची पांगली. कुणी दुसऱ्या डिव्हिजन थ्री कॉलेजात, कुणी त्याहून मोठ्या ठिकाणी. खेळता येणाऱ्या मुलाला जागा मिळते. ज्यांचा खेळ जेमतेम होता आणि मुख्यतः या कॉलेजसाठी आली होती, त्यांच्यातल्या काहींनी बॅट ठेवून दिली असणार. त्यांच्याबद्दल कुठे छापून येत नाही.

जागेबद्दल. जूनमध्ये शेजारच्या फेअरफिल्डचं माइल्स कॉलेज परिसर विकत घेणार असं जाहीर झालं होतं, ते फिसकटलं. नंतर अलाबामा ए अँड एम विद्यापीठाचं नाव आलं, तेही पार पडलं नाही.

आता थोडं अवांतर, पण माझ्यासाठी अवांतर नाही. त्याच जून महिन्यात आमच्या गावात बेसबॉलचा दुसरा मोठा प्रसंग होता. हिलटॉपपासून फार लांब नाही असं रिकवुड फील्ड आहे, १९१० चं, व्यावसायिक बेसबॉलचं अमेरिकेतलं सर्वांत जुनं मैदान. वर्णभेदाच्या काळात बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ तिथे खेळायचा. १९४८ मध्ये त्यात विली मेज नावाचा शाळकरी पोरगा होता, जवळच्याच फेअरफिल्डमध्ये वाढलेला. पुढे तो बेसबॉलच्या थोर खेळाडूंपैकी एक झाला. २० जून २०२४ ला मेजर लीगने त्यांच्या सन्मानार्थ तिथे सामना ठेवला, जायंट्स विरुद्ध कार्डिनल्स. आणि दोन दिवस आधी, १८ जूनला, मेज वारले. ९३ वर्षांचे होते.

त्यासाठी मैदानावर लाखो डॉलर खर्च झाले, नवीन गवत, नवीन भिंती, नवीन दिवे. छान झालं, व्हायलाच हवं होतं. पण बाई एकदम म्हणाल्या, या गावाला मेलेल्या बेसबॉलची काळजी घेता येते. मी गप्प बसले. मला ते पूर्ण पटत नाही. रिकवुड वर्षानुवर्षं पडीक होतं, तेही चार वेड्या लोकांनी हट्टाने जपलं म्हणून राहिलं. पण ज्यांचं कॉलेज तीन आठवड्यांपूर्वी गेलंय त्यांच्याशी वाद घालायची ती वेळ नव्हती.

घाटावरचा

बाईंचं वाक्य जबरी आहे. तरी तुमच्या बाजूने. आपल्याकडे किती मैदानं मंगल कार्यालयांखाली गेली, कुणी हट्ट केला नाही म्हणून.

खडूस_काका

हिशोब समजला. डिव्हिजन थ्रीची फी-बिची भानगड माहीत नव्हती. माझा मूळ मुद्दा मात्र कायम आहे. वार्ताहरांना गोष्ट हवी होती, पोरांनी ती दिली, आणि कॉलेज कुणी बुडवलं हा प्रश्न मागे पडला. 'हिमतीने लढले' असं म्हटलं की कुणाला जाब विचारावा लागत नाही.

रानजाई

काका, यावर आपलं एकमत आहे, लिहून ठेवा.

म्हणूनच मी धागा ईस्टलेकपासून सुरू केला नाही. शेवटचे तीन दिवस सगळ्या देशाने बघितले. माझ्या लक्षात राहिलेला सीझन त्याआधीचा आहे. एक आठवतो तो मार्चमधला, बंदची बातमी यायच्या आधीचा. ढगाळ हवा, जेमतेम चाळीसेक माणसं. आमचा पिचर पहिल्या वर्षाचा, उंच, सडपातळ, टोपी सारखी डोळ्यांवर येणारी. त्याने लागोपाठ चार जणांना चेंडू बाहेर टाकून फुकट बेस दिला. एक रन तसाच गेला. प्रशिक्षक आत आले, त्याच्याकडे न बघता जमिनीकडे बघत काहीतरी बोलले आणि बाहेर गेले, त्याला काढलं नाही. पुढचे तीन बॅटर त्याने बाद केले. तिसरा उलटा 'के'. बाईंनी पेन्सिल दाबली. मागच्या बाकावर त्याची आई होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, बोटांत बोटं अडकवून बसली होती.

सामना हरले की जिंकले, आठवत नाही. विचारलं तर बाई स्कोअरबुक काढून सांगतील.

सातवी_इनिंग

त्याला काढलं नाही हे महत्त्वाचं. छोट्या कॉलेजात प्रशिक्षकाला ती सवड असते, म्हणून मला हा बेसबॉल आवडतो.

ज्यांना धागा वाचून बघावंसं वाटतंय त्यांच्यासाठी. डिव्हिजन थ्रीचा सीझन फेब्रुवारीत सुरू होतो. बरीच कॉलेजं आपल्या संकेतस्थळावर सामने फुकट दाखवतात. एकच कॅमेरा, समालोचन करायला पत्रकारितेचा एखादा विद्यार्थी, वाऱ्याने माइक घुरघुरतो. भारतात रात्री उशिरा दिसेल. राष्ट्रीय अंतिम फेरी मेअखेर-जूनच्या सुरुवातीला असते, पण तिथपासून सुरुवात करू नका. एखादं कॉलेज निवडा, शक्यतो ज्याचं नाव ऐकलेलं नाही असं, आणि मार्चमधले त्याचे शनिवारचे दोन सामने बघा. पहिल्या सामन्यात नियम कळतील, दुसऱ्यात पोरांची नावं.

भरीत_भाकरी

कॉलेज निवडून द्या ना कुणीतरी. मुलींचं सॉफ्टबॉल असलेलं असेल तर तेही चालेल. आमच्या जुन्या संघाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, सगळ्या मिळून बघू. डावखुरी पण आहे त्यात.

पॅसाडेनाकर

कॅलटेक घ्या. हरण्याची तयारी ठेवून बसलात तर निराशा व्हायची नाही.

भरीत_भाकरी

घेतलं. शनिवारचं वेळापत्रक टाका इथे.